फळीच्या अलीकडे

रोवेना मला पहिल्यांदा दिसली ती हवेत.

हे मी रंगवून सांगतो असं माझी बायको वसुधा दर वेळी म्हणते, म्हणून आधीच सांगून टाकतो की यात पदरची एका अक्षराचीही भर नाही. दुबईत अल कूझला आमच्या इंटिरिअरच्या कंपनीचं ऑफिस होतं. बँका, जिम, हॉटेलांच्या लॉब्या सजवायचा धंदा. मी तिथे एस्टिमेटर, म्हणजे काम मिळायच्या आधी अंदाज सांगणारा आणि काम झाल्यावर तो अंदाज का चुकला हे तितक्याच आत्मविश्वासानं सांगणारा माणूस. त्या सकाळी आम्ही स्वतःच्याच रिसेप्शनला नवी फरशी ओतली होती. ओतली म्हणजे अक्षरशः ओतली. एपॉक्सी नावाचा चकचकीत रस असतो, तो वाळेपर्यंत त्यावर माशी बसली तरी ती कायमची आपली होते. दारापासून रिसेप्शनच्या टेबलापर्यंत नुसतं तळं. अलीकडे आम्ही सगळे दारात ताटकळलेले, आणि पलीकडे टेबलावर फोन वाजतोय, थांबायचं नाव नाही.

“मुदीरचा असणार,” कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. मुदीर म्हणजे आमचे साहेब, कंपनीचे मालक. त्यांचा फोन वाजत ठेवणाऱ्याचं पुढे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात माझ्या मागून “एक्स्क्यूज मी, सर” असा बारीक आवाज आला आणि माझ्या हातात उंच टाचांचे दोन बूट आले. बूट देणारी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत मागे गेली, केसांतली क्लिप काढून दातात धरली आणि धावत सुटली. माझ्या कानाजवळून वारा गेला. निळ्या युनिफॉर्ममधली ठेंगणीशी मुलगी त्या तळ्यावरून उडाली, पलीकडच्या कार्पेटवर दोन्ही पायांवर उतरली, क्लिप दातातून काढली आणि फोन उचलून म्हणाली, “गुड मॉर्निंग, मॅम-सर.”

ती आमची नवी रिसेप्शनिस्ट. पहिला दिवस. उडी मारून परत यायला तिथे जागा नव्हती, म्हणून संध्याकाळपर्यंत ती त्या बेटावर एकटीच बसून राहिली. दुपारी आम्ही तिला डबा फेकला तो तिनं झेलला. मी बूट दिवसभर माझ्या टेबलावर ठेवले होते. त्यावरून ऑफिसात जे बोललं गेलं ते वसुधा वाचणार असल्यामुळे इथे देत नाही.

रोवेना फिलिपिन्सची. गाव समुद्राकाठचं, वडील नव्हते, पाठची भावंडं शिकत होती. दुबईत येणाऱ्या तिच्या देशातल्या हजारो मुलींची गोष्ट तीच, त्यामुळे ती कधी सांगत बसायची नाही. तिला सांगायचं असायचं ते लांब उडीबद्दल. इंग्रजी ती भराभर बोलायची, समोर बाई असो वा बुवा, दोन्ही संबोधनं एकदम लावायची, आणि मधूनच एक शब्द पेरायची: सायांग. तिच्या भाषेतला. थोडक्यात हुकलं, हाताशी आलेलं गेलं, वाया गेलं, असं सगळं मिळून एक. लिफ्टचं दार तोंडावर बंद झालं, सायांग. डब्यातली मासळी पँट्रीत कोणीतरी खाल्ली, सायांग. कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, तरी तेवढंच सायांग, आवाज वर नाही की खाली नाही.

ती इंटरनॅशनल सिटीत राहायची. राहायची म्हणजे तिथल्या एका खोलीतली वरची बंक तिची होती, आणि त्या बंकेला पडदा होता. याला तिकडे बेडस्पेस म्हणतात. तिच्या पर्समध्ये कायम वाळू असायची. पेन मागितलं तर पेनाबरोबर चिमूटभर वाळूही मिळायची, कारण शुक्रवारी सुट्टीच्या पहाटे ती समुद्रावर जाऊन ओल्या वाळूत उड्या मारायची आणि गार्डनं शिट्टी वाजवली की पर्स उचलून पळायची.

वसुधानं तिला पहिल्यांदा डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी जेवायला बोलावलं तेव्हा मिसळ केली होती. रोवेनानं पावाकडे पाहिलं, मिसळीकडे पाहिलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, “मॅम वसू, राइस?” पुढच्या वेळी श्रीखंड-पुरी होती. पुरी तिनं बाजूला ठेवली आणि श्रीखंड भातावर घेतलं. वसुधानं डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून आमच्याकडे रोवेना येणार असली की कुकरला एक भांडं जास्तीचं लागायचं.

त्याच जेवणात तिनं जर्सीची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांची असताना देशाच्या संघात तिची निवड झाली होती. जर्सी मिळाली, पाठीवर देशाचं नाव, त्यात फोटो काढला. दुसऱ्या दिवशी यादी छोटी झाली आणि एक बाई येऊन जर्सी परत घेऊन गेली. “धुऊन द्यायला सांगितली, मॅम,” रोवेना म्हणाली. “मी फक्त एक दिवस घातली होती. पण धुतली. इस्त्रीपण केली.” आमच्या मुलीनं विचारलं, “डिड यू क्राय?” तर रोवेना म्हणाली, “इस्त्री झाल्यावर.”

मग ती मंदी आली. आम्हाला ती आधी पेपरात दिसली नाही, क्रेनवर दिसली. दुबईच्या आभाळात दिवसभर फिरणाऱ्या क्रेन एकेक करून थांबल्या आणि थांबल्या त्या स्थितीतच राहिल्या, शाळेत ‘स्टॅच्यू’ खेळताना मुलं राहतात तशा. आमची कामं रद्द व्हायला लागली. ऑफिसातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, रविवारी आठवडा सुरू झाला की पाहायचं आज कोण नाही. रिसेप्शनवरचा फोन वाजेनासा झाला. रोवेना मधूनच रिसीव्हर उचलून कानाला लावायची, लाइन चालू आहे ना बघायची आणि हळूच ठेवायची.

नेमका त्याच सुमाराला तिला तिच्या देशातल्या जुन्या कोचचा निरोप आला. नवा संघ निवडायचा होता. परदेशात असलेल्या मुलींनी कुठल्याही नीट स्पर्धेत, पंचांसमोर सहा मीटर उडी मारून तो निकाल पाठवला तर त्यांना थेट शिबिरात घेणार होते. शिबिरात राहणं-जेवण, पुढे संघ, आणि संघात राहिलं तर शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी. तिचं वय अठ्ठावीस. कोचनं स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या वेळी तिचं नाव कोणी घेणार नाही.

“सहा मीटर म्हणजे केवढं गं?” वसुधानं विचारलं.

रोवेनानं आमच्या हॉलकडे नजर टाकली. “मॅम, तुमच्या दारापासून बाल्कनीतल्या तुळशीपर्यंत.”

वसुधा बराच वेळ तुळशीकडे बघत राहिली.

आता तातू मेस्त्रीला आणायला हवं. तातू आमच्या वर्कशॉपचा मुख्य सुतार, कुडाळकडचा. बुटका, तापट, आणि हत्यारांच्या बाबतीत इतका सोवळा की रंध्याला चुकून पाय लागला तर त्याला हात लावून तो हात डोळ्यांना लावल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचा नाही. तो रोवेनाशी मालवणीत बोलायचा. मालवणी सावकाश बोललं की जगात कोणालाही कळतं असं त्याचं मत होतं, आणि रोवेनाच्या बाबतीत ते बरंचसं खरं ठरलं. ती त्याला ‘ताताय’ म्हणायची. त्यांच्याकडे बापाला ‘ताताय’ म्हणतात. तातूला वाटायचं हे आपल्या नावाचंच लाडाचं रूप आहे. मी त्याचा तो समज कधी दुरुस्त केला नाही. काही समज असेच सुखानं नांदू द्यावेत.

इंटरनॅशनल सिटीच्या पलीकडे एक टॉवर अर्धा होऊन थांबला होता. त्यातल्या जिमचं काम आमच्याकडे होतं. जिम बारगळली, पण तिच्यासाठी आणलेले काळ्या रबराचे गठ्ठे पार्किंगच्या मजल्यावर तसेच पडले होते. पार्किंग लांबलचक, सावलीचं, वारं खेळणारं, आणि आत एकही गाडी नाही. वॉचमन तातूच्या ओळखीचा होता. रोवेना समुद्रावर गार्डच्या शिट्टीला भिऊन उड्या मारते हे कळल्यावर तातू एका शुक्रवारी मला म्हणाला, “सायबानु, गाडी काढा.” तीन शुक्रवारांत त्यानं रबर अंथरून धावपट्टी केली, तिच्या टोकाला प्लायवूडची पेटी करून त्यात बांधकामाची धुतलेली वाळू भरली. वाळवंटातली वाळू या कामाची नाही म्हणे, फार बारीक असते, दगडासारखी बसते. वाळवंटात राहून आम्ही वाळू शोधत फिरलो.

आणि पायाखालची फळी. पळत येऊन जिच्यावर पाय देऊन उडायचं ती. ती तातूनं सागाच्या तुकड्यातून केली, आणि काय केली म्हणून सांगू. लग्नातला पाट इतका गुळगुळीत नसेल. रोवेनानं तिच्यावर गाल ठेवून पाहिला.

उन्हाळाभर ती तिथे उडत होती. पाच साठ, पाच सत्तर. वाळूत बसल्या बसल्या “सायांग” म्हणायची आणि तातू फावड्यानं वाळू सारखी करायचा. तिच्या खोलीतल्या मुली एकेक करून परत गेल्या. जाणारी प्रत्येक जण एखादी वस्तू तिच्या बंकेवर ठेवून जायची, आणि तिला झोपायला दर वेळी थोडी कमी जागा उरायची.

दसरा आला. वर्कशॉपमध्ये उरले होते जेमतेम सहा-सात सुतार, पण तातूनं हत्यारांची पूजा मांडलीच. झेंडू आणले, करवती, पटाशा, रंधे धुऊन पुसून ओळीनं ठेवले, गंध लावलं. मग संध्याकाळी उरलेले झेंडू घेऊन मला म्हणाला, “ती फळीव हत्यारच मां?” आम्ही पार्किंगमध्ये गेलो. त्यानं फळीला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. रोवेना बूट काढून बाजूला उभी होती. तिनं आधी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग आमच्यासारखा नमस्कार.

“आता उडू, ताताय?”

 तातूच्या लक्षात आलं. जिला आत्ता हात जोडले त्या फळीवर ही आता खिळ्यांच्या बुटानं पाय देणार. “आज नको बाय,” तो म्हणाला. “फाल्यां.”

फाल्यां म्हणजे उद्या. त्या उद्याला सकाळी मुदीरनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. टेबलावर बकलावा या तिकडच्या मिठाईची परात होती. एकेक तुकडा प्रत्येकाला स्वतःच्या हातानं दिला आणि म्हणाले, “खलास.” भाषण तेवढंच. मी तोंडात बकलावा घेऊन बेकार झालो. तिकडे नोकरी गेली की व्हिसाही जातो आणि महिन्याभरात देश सोडावा लागतो. मला ओळखीनं जबल अलीला दुसरं काम मिळालं. तातूची साठी जवळ आलेली, त्याला कोण घेणार. रोवेनानं रिसेप्शनचा फोन पुसला, वायर नीट गुंडाळली आणि विचारलं, “सर, महिना संपायच्या आत इथे कुठे स्पर्धा आहे का?”

होती. अल ऐनला, एका शाळेच्या मैदानावर, तिची मुदत संपायच्या आदल्या शुक्रवारी. सहा मीटर झालं तर मनिलाचं शिबिर. नाही झालं तर किश.

किश हे इराणचं बेट. व्हिसा संपलेल्यांना तेव्हा तिथे विमानानं सोडत, आणि नवा व्हिसा येईपर्यंत तिथेच थांबावं लागे. कोणाला आठवडा लागे, कोणाला महिने. रोवेनाच्या खोलीतली एक मुलगी तिकडे गेली होती, तिचा फोन येणंच बंद झालं होतं. पैसे पाठवायचे थांबले की घरची भावंडं शाळेतून निघणार, म्हणून गावी परत जाणं हा पर्याय रोवेनापाशी नव्हताच.

बकलाव्याच्याच संध्याकाळी आम्ही पार्किंगमध्ये गेलो, कारण घरी जाऊन बसण्यासारखं कोणापाशीच काही नव्हतं. तातू उलट्या बादलीवर बसला होता, त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. रोवेना धावत आली, उडाली, वाळूत पडली. तातू सवयीनं उठला, टेप लावला आणि तसाच ओणवा राहिला. मग म्हणाला, “सायबानु, हंय येवा.” मी पाहिलं. सहाच्या वर चार बोटं.

पुढची उडी, तीही सहा. तातूनं फावडं बादलीवर बडवलं. साठीकडे झुकलेला, त्याच दिवशी नोकरी गेलेला माणूस त्या रिकाम्या पार्किंगमध्ये नाचत होता. “चेडू सहा मीटर उडला,” पोरगी उडाली, असं त्यानं वॉचमनला सांगितलं, वॉचमनच्या पोपटाला सांगितलं, फोनवर कुडाळला बायकोला सांगितलं आणि नोकरीचं सांगायचं विसरला. वसुधानं शिरा केला. रोवेनानं तो भाताबरोबर खाल्ला. ती गप्प होती. आम्हाला वाटलं, भारावली असेल.

त्यानंतर रोजच सहा. आम्ही इतके निर्धास्त झालो की अल ऐनला जाताना गाडीत मनिलाच्या हवेबद्दल बोलत होतो. वसुधानं डबे घेतले होते, त्यात भात अर्थातच होता. रोवेना खिडकीशी बसून बाहेर बघत होती.

मैदानावर पंच होते कुरियन नावाचे केरळी पी.टी. शिक्षक. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, बोलणं कमी. रोवेनाची पहिली उडी झाली. माणूस बघतच राहावा अशी झाली. कुरियननी टेप लावला आणि आकडा सांगितला: पाच बहात्तर.

“व्हॉट पाच बहात्तर?” तातू दोरी ओलांडून आत गेला. “सायबानु, ह्येका सांगा, हयसून उडला ता.” तो फळीच्या वीतभर अलीकडे, रोवेनाच्या बुटाच्या खिळ्यांची नक्षी उमटली होती तिथे बोट रोवून उभा राहिला.

मी भाषांतर केलं. कुरियननी टोपी मागे सरकवली. “सर, फळीवरून मोजतात. फळीच्या पुढच्या कडेपासून. पाय कुठूनही पडो. मागून उडालात तर तेवढं तुमचं नुकसान.”

मला खेळ म्हणून फक्त कॅरम येतो, आणि तातूला तोही नाही. सुतारानं सुतारासारखं मोजलं होतं, जिथून निघालं तिथपासून जिथे पोचलं तिथपर्यंत. मी ते तातूला सांगितलं. तो रोवेनाकडे वळला.

“आय नो, ताताय,” ती म्हणाली.

दुसरी उडी तशीच. पाय पुन्हा वीतभर अलीकडे. तातू खाली बसून फळीकडे टक लावून बघत होता. मग त्यानं हळूच विचारलं, “बाय, फळयेर पाय कित्याक देणंस नाय?”

तिनं गुडघ्यावरची वाळू झटकली. मग मला म्हणाली, “सर, त्यांना सांगा, मी देते. मी ठरवते की द्यायचा. पण जवळ आले की पाय जात नाही. फळी दुसरी आहे, तरी ताताय फुलं ठेवत होते ते दिसतं.”

मी सांगितलं, आणि तातूनं कपाळावर हात मारला. “उत्तरपूजा,” तो म्हणाला. “सायबानु, उत्तरपूजा करूक नाय आमी.”

पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी ती मोडायची असते. अक्षता टाकून देवांना निरोप द्यायचा, वस्तू जागची जराशी हलवायची. मग हत्यार पुन्हा हत्यार. ती झाली की तातूच सांगणार होता तिला, दे पाय म्हणून. पण दुसऱ्या दिवशी बकलावा आला. पार्किंगमधल्या फळीवरचे देव तसेच बसून राहिले, आणि ही पोर त्यांना पाय लागू नये म्हणून महिनाभर वीतभर अलीकडून उडत होती.

आता उरली होती तिसरी, शेवटची उडी.

“वहिनी, तांदूळ आसत?” तातूनं विचारलं.

“तांदूळ कुठून आणू इथे?” वसुधा म्हणाली. “भात आहे.”

“चलात.”

आणि मग अल ऐनच्या त्या भर उन्हात, भल्याभल्यांच्या देखत, तातू मेस्त्री चप्पल काढून फळीपाशी बसला आणि डब्यातली भाताची शितं एकेक करून वाहू लागला. कुरियन धावत आले. “व्हॉट इज धिस?” मी त्यांना आडवा गेलो आणि एस्टिमेटरच्या आवाजात सांगितलं, “टेक्निकल इन्स्पेक्शन, सर. आमचे चीफ कार्पेंटर आहेत.” ते फळीकडे बघत राहिले. शितांना मुंग्या यायला लागल्या होत्या.

तातू पुटपुटत होता. शेवटी ‘पुनरागमनाय च’ म्हणायला लागला तेव्हा मी त्याच्या कानाशी लागलो. “तातू, पुन्हा यायचं आमंत्रण आजच्या दिवस राहू दे.”

“होय तां,” तो म्हणाला, आणि तेवढं गाळलं. ती फळी सिमेंटमध्ये बसवलेली, ती काय हलणार. त्यानं बोटांच्या पेरांनी तिच्यावर दोनदा टकटक केलं. शितं वेचून घेतली, पंच्यानं फळी पुसली आणि उठून रोवेनाला म्हणाला, “गेले देव. आता ही नुसती फळी. घट्ट पाय दी.”

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. या वेळी भाषांतर लागलंच नाही.

तिनं क्लिप दातात धरली. धावत आली, आणि फळीवर पाय पडल्याचा आवाज मी दसऱ्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. भरीव दारावर कोणी तळहात मारावा तसा. महिनाभर तो आवाज आमच्या कानांवर आलाच नव्हता आणि आम्हाला त्याची उणीव जाणवली नव्हती. ती उडाली. वसुधानं माझ्या दंडात नखं रुतवली. पांढरा झेंडा वर गेला, म्हणजे उडी नियमात बसली.

कुरियन वाळूपाशी खाली बसले. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं फळीपाशी त्यांच्या मदतनिसाकडे. ते आकड्याकडे बघत राहिले, मग भाताच्या डब्याकडे, मग तातूकडे. तातू हात जोडून उभा होता, कोणाला ते त्यालाही माहीत नसावं. कुरियननी हातातला टेप थोडा सैल सोडला. टेपला मध्येच पोट आलं, आकडा पुढे सरकला.

“सिक्स?” त्यांनी विचारलं. आकडा सांगतात तसं नाही. चहा घेणार का विचारतात तसं.

तातूला तेवढा शब्द कळत होता. त्यानं जोडलेले हात छातीशी घट्ट धरले.

रोवेना वाळूतून गुडघ्यांवर सरकत आली. तिनं टेपचं टोक त्यांच्या बोटांतून काढून घेतलं, ताणलं आणि वाचलं. “फाइव्ह नाइन्टी-फाइव्ह, सर,” ती म्हणाली. “थँक यू, सर.”

आम्ही परत निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाळवंट चाललं होतं. शेवटी वसुधाला राहवलं नाही. “अगं, देत होता तर घ्यायचंस की.”

“मॅम, शिबिरात गेल्यावर ते पहिल्या दिवशी पुन्हा उडायला लावतात.”

 थोड्या वेळानं मागच्या सीटवरून तातूचा आवाज आला, भांडल्यासारखा. “तुका म्हायत होता, मगे माका सांगूक नाय कित्या? मी चुकीचा मोजतंय म्हणान?”

मी आरशात बघून भाषांतर केलं. रोवेना खिडकीबाहेर बघतच म्हणाली, “त्या दिवशी ताताय सकाळपासून बोलले नव्हते. टेप बघितला आणि नाचले. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्यापण नाचले.”

हे मी तातूला सांगितलं नाही. “तिला वाटलं, तू रागावशील,” असं सांगितलं. तातू म्हणाला, “रागावलंय असतंय,” आणि पंचा तोंडावर घेऊन झोपल्याचं सोंग केलं.

चार दिवसांनी तातू मुंबईच्या विमानानं कुडाळला गेला आणि त्याच संध्याकाळी रोवेना किशला. छोट्या टर्मिनलवर तिच्यासारख्याच मुलींची रांग होती, प्रत्येकीपाशी एक लहानशी बॅग, चार दिवसांचे कपडे असावेत एवढी. वसुधानं तिला प्रेशर कुकर द्यायला आणला होता. विमानात कुकर नेऊ देत नाहीत असं तिथला माणूस म्हणाला, त्याच्याशी वसुधा मराठीत भांडली आणि जिंकली.

किशहून दोनदा फोन आला. एका खोलीत दहा जणी होत्या. दिवसभर सगळ्या दारात बसून व्हिसा आलेल्यांची नावं पुकारतात का ते ऐकत. कुकर सगळ्या मजल्यावर फिरत होता. “सराव करतेस का?” मी विचारलं. “सर, इथे बुटांची चोरी होते,” ती म्हणाली, आणि मग दुसऱ्या कोणाला तरी फोन हवा होता. पुढे नंबर लागेना.

दीड-दोन वर्षांनी मी तिला पाहिलं. मेट्रो नवी होती, मला तिच्यातून फिरायची हौस होती. देऱ्याच्या बाजूला एका स्टेशनात आमची गाडी उभी होती आणि मी काचेशी उभा होतो. सरकत्या जिन्यावरून माणसं उतरत होती. त्यांत ती. कुठल्या तरी क्लिनिकचा हिरवा युनिफॉर्म, हातात डब्याची पिशवी, केस कापलेले. किशहून सुटली होती, नोकरी मिळाली होती. मला इतका आनंद झाला की मी काचेवर थापा मारायला लागलो. शेजारचा पठाण दचकून बाजूला सरकला.

दार बंद होण्याची घंटा वाजली. जिन्यावरची सगळी माणसं धावली. एक जाडा गृहस्थ बॅग पोटाशी धरून धावला, साडीतली एक बाई धावली, दोन शाळकरी मुली धावल्या, आणि सगळे आत आले. रोवेना त्या सगळ्यांच्या पुढे होती. दारापासून अंतर किती, तर आमच्या हॉलचं निम्मं. तिनं दाराकडे पाहिलं, मनाशी काही हिशेब केल्यासारखं क्षणभर पाहिलं. मग ती बाजूला झाली, मागच्यांना वाट दिली, आणि चालत जाऊन बाकावर बसली.

दार लागलं. गाडी हलली तेव्हा ती पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या गाडीची वेळ वाचत होती.